धोंड्याला आम्ही खडा म्हणायचो

"उखाणा घे," एजंट म्हणाला. "नाव येत नाही ना तोंडात? मग उखाण्यात घे. लग्नात घेतला असशील की."

मिरजेत ठेशनाजवळच्या बोळात जिन्याखाली त्याची खोली होती. टेबलामागं तो, पांढरा सफारी घातलेला. बाकावर, जिन्यावर, दारात मिळून वीस-पंचवीस माणसं, सगळी परदेशात कामाला जायला आलेली. बायका दोनच. मी, आणि माझ्या मागं माझी सासू, डोळ्यांपर्यंत पदर ओढून.

आमचे हे दगडी बांधकामाचे गवंडी. वर्षापूर्वी याच माणसानं त्यांना मस्कतला पाठवलं होतं. दर पंधरा दिवसांनी पत्र यायचं. मग ते बंद झालं. तीन महिने काहीच नाही. जिवंत आहेत का, एवढं विचारायला आम्ही तासगावकडच्या आमच्या खेड्यातून एसटीनं आलो होतो.

"कोणाची बायको तू?" त्यानं विचारलं होतं.

"बापूंची."

"कोण बापू? माझ्याकडं दर घरातनं एक बापू येतो. पासपोर्टवरचं नाव सांग."

मी टेबलाकडं बघत राहिले. सासूनं पदर आणखी खाली ओढला.

तेव्हा तो उखाण्यावर आला. बाकावरचा एकजण म्हणाला, "घ्या वैनी, लाजू नका." दुसरा म्हणाला, "पंखा बंद करा रं, ऐकू येऊ दे." कुणीतरी खरोखरच पंखा बंद केला.

टेबलावर जाड वही होती, तिच्यावर त्याचा पंजा होता. त्या वहीत ह्यांचं नाव होतं. त्याच्या मनासारखं केलं तर तो वही उघडेल असं मला वाटलं. म्हणून मी त्या सगळ्या पुरुषांसमोर उखाणा घेतला.

"तासगावच्या शिवारात द्राक्षांचे घोस, बापूरावांचं नाव घेते, नका देऊ दोष."

खोली हसली. एकानं टाळी दिली. एजंटानं वही उघडली, बोट वरून खाली फिरवलं आणि वही मिटली.

"बापूराव कुणी न्हाई. असला माणूस मी पाठवलेलाच नाही."

आम्ही दाराबाहेर पडलो तेव्हा मागून त्याचा आवाज आला. "उखाणा झकास येतोय, आन् नवरा कुठं ठेवला ते ठावं न्हाई."

सगळे परत हसले.

आता जे लिहायचं आहे ते कुणाला कधी सांगितलेलं नाही. ह्यांचं नाव बापूराव नाही, हे मला माहीत होतं. त्याची वही त्या नावानं बोलणार नाही हेही माहीत होतं. तरी मी मान खाली घालून बाहेर आले.

आमच्या घरातली गोष्ट सांगते, नाहीतर हे कुणाला पटायचं नाही. ह्यांचा जन्म झाला तेव्हा घरातला म्हातारा, म्हणजे ह्यांचा आजा, नुकताच वारला होता. म्हणून आज्याचं नाव नातवाला ठेवलं. पण आजा म्हणजे माझ्या सासूचा सासरा. सासऱ्याचं नाव ती कसं घेणार? पोटच्या पोराला त्याच्या नावानं एकदाही हाक मारता आली नाही तिला. ती बापू म्हणाली, मग गाव बापू म्हणालं. पुढं मी सून म्हणून आले. मला ते नवऱ्याचं नाव. ह्यांच्या बापाचं नावही घ्यायचं नाही. सासूला तो नवरा, मला सासरा. म्हणजे पासपोर्टवरच्या नावातलं पवार तेवढं आम्हा दोघींना तोंडातून काढता येत होतं.

आणि नाव धोंडीराम. त्यामुळं आमच्या घरात धोंडा हा शब्दच नव्हता. आम्ही खडा म्हणायचो. डोक्याएवढा असला तरी खडा. धोंड्याच्या महिन्याला अधिकाचा महिना म्हणायचो. कुत्रं परड्यात शिरलं की सासू ओरडायची, "हाण गं त्याला खडा." शेजारच्या बायका हसायच्या. "गवंड्याचं घर आन् घरात धोंडा न्हाई," म्हणायच्या.

आम्ही हसत नसू. आमच्या गल्लीत सोनाबाई होती. भांडणाच्या चौकशीला फौजदार आला, त्याच्या दरडावण्याला भिऊन तिनं नवऱ्याचं नाव घेतलं. त्याच महिन्यात बैलानं त्याला भिंतीशी चेचला. नाव घेतलं की घेतलेल्या माणसाचं आयुष्य तुटतं, हे सासूनं मला सोनाबाईचं कपाळ दाखवून शिकवलं होतं. मी शिकले होते. लग्नाच्या उखाण्यातसुद्धा बापूरावच म्हणाले होते.

माझं माहेर साताऱ्याकडं, मेढ्याच्या डोंगरात. तिथं चौथी झाले. लिहिता येतं, वाचता येतं. पण सासरी आले तेव्हा घरातल्या कुठल्याच बाईला अक्षर येत नव्हतं, म्हणून मीही येत नाही असंच राहिले. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. ह्यांना तेवढं ठाऊक होतं. त्यांना पत्र मीच लिहायची, माळवदावर बसून. पाकिटावरचं नाव मात्र पोस्टमास्तर लिहायचे. चार ओळींचं पत्र मी लिहावं आणि नावाच्या जागी हात थांबावा, असं चाललं होतं.

मिरजेहून आलो त्याच आठवड्यात आम्ही सांगलीला कचेरीत गेलो. दीर पलटणीत, तिकडं सीमेवर; जाऊ तिच्या माहेरी. सासरे केव्हाच गेलेले. आम्ही दोघीच. कचेरीबाहेर झाडाखाली अर्ज लिहून देणारा म्हातारा बसायचा. चांगला माणूस होता. त्यानं कागद घेतला. म्हणाला, "हरवलेल्याचं नाव?"

सासू म्हणाली, "बापू पवार."

"हेच पुरं नाव का? वडलांचं?"

सासूनं माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं.

"व्हय," सासू म्हणाली. "एवढंच."

म्हाताऱ्यानं चष्म्यावरून मला विचारलं, "बरोबर ना, बाई?"

मी मान हलवली. त्याच्या हातात टाक होता. माझ्यापासून हातभर लांब. मागून घेऊन तीन शब्द लिहायचे होते. मी मान हलवली.

अर्ज गेला. मी घरी भाकऱ्या थापत होते, विहिरीवर जात होते, दुसऱ्याच्या द्राक्षबागेत मजुरीला जात होते. एसटी थांबली की हातातलं काम टाकून दाराशी यायची. पोस्टमन दिसला की वाटेकडं बघत उभी राहायची. तो आमच्या दारावरून पुढं गेला की वाईट वाटायचं आणि सुटल्यासारखंही वाटायचं. सासू कुंकू लावताना माझ्या कपाळाकडं बघायची.

तीन महिन्यांनी तलाठ्यानं कागद आणून दिला. सदर नावाचा कामगार तेथे आढळून आला नाही. मी तो चोरून वाचला. सासूला तलाठ्यानं वाचून दाखवला. ती जोत्यावर बसली ती दिवे लागेपर्यंत उठली नाही.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी रसूलभाई आला. मिरजेचा माणूस, सुतार. मस्कतला ह्यांच्याच कंपनीत होता. त्याची दोन वर्षं भरली म्हणून सुटून आला होता. गाव विचारत विचारत आमच्या दारात आला.

"धोंडीभाईचं घर हेच का?" त्यानं विचारलं.

ते नाव आमच्या अंगणात मी पहिल्यांदा ऐकलं. सासूनं दोन्ही हात कानांवर ठेवले.

रसूलभाई पाणी प्यायला आणि सांगायला लागला. गवंडी म्हणून नेलं, पण पहिल्याच दिवशी पासपोर्ट काढून घेतले, पत्र्याच्या पेटीत घातले. दुसऱ्या कागदावर सह्या घेतल्या. त्यांच्या भाषेतला कागद, कुणाला वाचता येईना. मग सिमेंटची पोती, उन्हात. पत्र्याच्या एका खोलीत बाराजण. दिवाळीच्या आधी ह्यांच्या पायाखालची परांची सुटली. दोन मजल्यांवरून खाली. पाय मोडला, उजवा हात मोडला. सरकारी दवाखान्यात टाकलं. कंपनी म्हणाली, आमच्या कामावर पडला नाही. पायाचं मोठं काम करायचं होतं, त्याला कंपनीची सही लागत होती. कंपनी सही देईना. पासपोर्टही देईना.

"घरी कळवू नको म्हणाला. आई खचंल म्हणाला. म्हणून मी लिवलं न्हाई," रसूलभाई म्हणाला. "शुक्रवारी सुट्टी असली की आमी जायचो, डबा न्यायचो."

मग त्यानं तांब्या खाली ठेवला. म्हणाला, "वैनी, एक सांगतो, रागावू नका. वकिलातीचा माणूस आला होता कॅम्पात. चांगला होता बिचारा. पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडंच पाहिजे, कंपनीला ठेवून घ्यायचा हक्क न्हाई, असं त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. त्याच्या हातात कागद होता. विचारत होता, बापू पवार कोण, बापू पवार कोण. मुकादमानं यादी बघितली. न्हाई. मग त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, साहेब, हितं बापू कोण न्हाई."

मी चुलीपुढं बसले होते. हातातलं पीठ तसंच राहिलं.

"आमाला काय ठावं, वैनी. बापू म्हंजे तोच, हे आज गावात आल्यावर कळलं. तिथं तो धोंडीभाई. त्यानं कधी बापू म्हणून सांगितलंच न्हाई."

तो माणूस तिथवर आला होता. आमचा कागद घेऊन मस्कतपर्यंत पोचला होता. ह्यांच्या खाटेपासून कुठंतरी जवळच उभा होता. आणि परत गेला. मी मान हलवली होती म्हणून.

रसूलभाईनं जाताना सांगितलं की नव्या अर्जाला पासपोर्टचा नंबर जोडा, म्हणजे कंपनीला नाही म्हणता येणार नाही. नंबर एजंटाच्या वहीत होता.

सासूला मी म्हटलं, "आत्याबाई, मी मिरजेला जाते."

"आन् काय सांगणार?"

"नाव."

"बये, तो तिकडं खाटंवर पडलाय. तू हितनं त्याला मारतीस का?"

मलाही तेच वाटत होतं. हे खरं लिहिते. पुढं लोकांनी म्हटलं, मोठी धीट निघाली. धीट नव्हते. एसटीत खिडकीला डोकं टेकून मी ते नाव म्हणून बघत होते, गाडीच्या आवाजात. धों म्हटलं की पुढचं अक्षर येईना. मला दिसायचं, तिकडं खाटेवर ह्यांची मान कलली. परत तोंड मिटायची. कवलापूर गेलं तरी मला ते पुरं म्हणता आलं नव्हतं. मिरजेला उतरले तेव्हा पोलक्याची पाठ घामानं भिजली होती.

खोलीत तशीच गर्दी. वेगळी माणसं, तशीच. एजंटानं मला ओळखलं.

"अरे, उखाणेवाली आली. बसा बसा. आज काय, नवा उखाणा?"

मी बसले नाही. बसले असते तर उठता आलं नसतं. टेबलाची कड धरली.

"धोंडीराम सखाराम पवार," मी म्हटलं.

आवाज माझा मलाच ऐकू आला नाही. तो म्हणाला, "काय?"

"धोंडीराम सखाराम पवार. माझा नवरा. तुम्ही पाठवलाय. त्यांच्या पासपोर्टचा नंबर द्या."

कुणी हसलं नाही. मी वाट बघत होते, काहीतरी होईल. छत पडेल, डोळ्यांपुढं अंधारी येईल, कुणीतरी तार घेऊन येईल. काही झालं नाही. पंखा फिरत होता.

एजंटाचं तोंड बदललं. आवाज खाली आणला. "हे बघ बाई, तक्रार-बिक्रार करू नको. तिथले कायदे वेगळे. तक्रार केलीस तर पळून गेलाय म्हणून दाखवतील आणि तुरुंगात घालतील. मग जन्मात दिसायचा नाही तुला."

तेव्हा मी सगळ्यात जास्त भ्याले. नावापेक्षाही जास्त. तो सांगतोय ते खरं असलं तर? मला लघवीला आल्यासारखं झालं. मी टेबल सोडलं नाही, कारण सोडलं असतं तर खाली पडले असते.

"नंबर द्या," मी म्हटलं. दुसरं काही सुचतच नव्हतं.

दारातला एक पलटणीतून सुटून आलेला माणूस म्हणाला, "द्या की वो नंबर. तिच्या नवऱ्याचाच मागतीया." मग दुसरा म्हणाला, "आन् आमचा बी कागद दाखवा जरा, सही करायच्या आधी. मराठीत सांगा काय लिवलंय."

एजंटानं वही उघडली. ओळीवर बोट ठेवलं. "आता तुला हे कोण उतरवून देणार? लिहिणारा आण जा."

मी त्याच्या टेबलावरची पेन्सिल उचलली. पहिला आकडा दोनदा लिहावा लागला. नंबर उतरवला. त्याच्यापुढं कंपनीचं नाव इंग्रजीत होतं, ते येत नव्हतं, तर अक्षराचं चित्र काढावं तसं काढलं. शेवटी नाव लिहिलं. पुरं. जन्मात पहिल्यांदा.

"तू वाचतेस?" तो म्हणाला.

"चौथी झालीय," मी म्हटलं. कागद पोलक्यात घातला. बाहेर बोळात येऊन भिंतीला धरून ओकले.

सांगलीला झाडाखालच्या म्हाताऱ्यानं नवा अर्ज केला. खाली अंगठ्यासाठी त्यानं शाईची डबी पुढं केली. मी टाक मागितला.

हे सापडायला दीड महिना लागला. पावसाळ्याच्या तोंडाला ते घरी आले. रसूलभाईनं मिरजेच्या ठेशनावर उतरवून घेतलं. पाय वाकडा जुळला होता. मिरजेच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि म्हणाले, "पाच महिने आधी आणला असता तर सरळ झाला असता." मी पाच महिने मोजले. झाडाखाली मान हलवली त्या दिवसाशी येऊन थांबले.

गावानं वेगळंच जोडलं. बायकोनं भर गर्दीत नाव घेतलं, म्हणून पाय गेला. पाय दिवाळीच्या आधी मोडला, नाव मी उन्हाळ्यात घेतलं, हे कुणालाही मोजता आलं असतं. सासू महिनाभर माझ्या हातचं जेवली पण माझ्याशी बोलली नाही.

ह्यांनी एकदाच विषय काढला. "नाव घेतलंस म्हणं."

"घेतलं."

पाय चोळायला लागले. मग म्हणाले, "दवाखान्यात एकजण वॉर्डाच्या दारातनं ओरडला. धोंडीराम सखाराम पवार. मला वाटलं, बाचं नाव हितं कुणाला ठावं?" एवढंच बोलले. चांगलं केलंस म्हणाले नाहीत, वाईट केलंस म्हणाले नाहीत.

तो डॉक्टरांनी काढलेला पायाचा फोटो, रसूलभाईची साक्ष आणि कंपनीनं घेतलेल्या सह्या, यावर भरपाईसाठी तिसरा अर्ज मी लिहिला आहे. अजून उत्तर नाही. परत लिहीन.

आता दीर पलटणीतून सुटून आला आहे. त्यालाही मस्कतला जायचं आहे. त्याच एजंटाकडून नाही, पण एजंट तो एजंटच. मी जा म्हणाले. जायला ना नाही. पण आज सकाळी मी जावेला जोत्यावर बसवलं आणि तिच्यापुढं पाटी ठेवली. गेले दोन महिने तिला अक्षरं शिकवते आहे.

"लिही त्याचं नाव. बापाचं नाव. मग म्हण मोठ्यानं."

"बाई, मला न्हाई व्हायचं. त्यांना काय झालं म्हंजे?" ती रडायला लागली.

सासू दारात उभी होती. आत गेली नाही.

मी जावेला म्हटलं, "मलाबी भ्या वाटतं. अजून वाटतं. रोज घेते तरी वाटतं. लिही."

तिनं पेन्सिल धरली आहे. पहिलं अक्षर निम्मं झालंय. दिराची पिशवी भरून दाराशी ठेवली आहे आणि एसटीची वेळ होत आली आहे. मी उंबऱ्यात बसून हे लिहिते आहे. नाव पुरं लिहून, मोठ्यानं म्हणून होईपर्यंत मी इथून उठणार नाही. त्याची एसटी चुकली तरी चुकू दे.